चिंचेखालचं कार्ड

गच्चीवर पाणी शिंपडलं की आमच्याकडे मातीच्या आधी साबणाचा वास यायचा. अप्पांचं सोलापुरात मंगळवार पेठेत किराणा दुकान होतं. खाली दुकान आणि वर आम्ही. साबण तेव्हा लाकडी खोक्यांतून यायचा. हलक्या पांढऱ्या लाकडाच्या फळ्या, कडेला पत्र्याची पट्टी, बारीक खिळे. खोकी रिकामी झाली की शेजारचे मागून न्यायचे, कुणी जळणाला, कुणी कोंबड्या झाकायला. पुढे ती खोकी अक्का मागायला लागली आणि बाहेर कुणाला मिळेनाशी झाली. सकाळी मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट सुरू व्हायचा, खाली तराजूत वजनं आदळायची, स्वयंपाकघरात अव्वा, म्हणजे आमची आई, भाकरी थापत असायची, आणि त्या सगळ्यावर गच्चीतून अक्काच्या हातोडीचे ठोके यायचे. हातोडी म्हणजे दुकानातलं अडीचशे ग्रॅमचं वजन. खरी हातोडी अप्पा तिला देत नसत.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नाव गिरिजा. मॅट्रिकनंतर तिची शाळा थांबली. का थांबली ते कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. मी मात्र शिकत राहिलो. घरात आम्ही कानडी आणि मराठी मिसळून बोलायचो, रागावताना कानडी आणि हिशेब करताना मराठी. अक्का दोन्ही भाषांत कमीच बोलायची. मी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे, आणि तिचा आवाज आठवायला बसलो की हातोडीचेच ठोके आठवतात.

फुलांचं प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचं. गुलाब, शेवंती, डालिया, आणि एका टेबलावर ज्याच्यापुढे सगळ्यात जास्त गर्दी असे तो भलामोठा फ्लॉवरचा गड्डा. एका वर्षी आम्ही गेलो तेव्हा अव्वा तिथं थांबली. मी अक्काला शोधत हॉलच्या टोकाला गेलो, तर ती एका टेबलापुढे वाकून उभी होती. टेबलावर उथळ ताटल्यांत सात झाडं. वड, उंबर, पिंपळ, पण वीतभर उंचीची. वडाला पारंब्या होत्या. टेबलामागे स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ शेंगदाणे खात बसले होते.

“चाचा, ही खरी हायत?” अक्कानं विचारलं.

“हात लावून बघ की बेटी. खोटी असती तर मला रोज पानी घालायला लागलं असतं का?”

ते करीमचाचा. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते, निवृत्त होऊन सोलापुरात मुलीजवळ राहायला आलेले. तिकडे एका साहेबाच्या बंगल्यावर बाग बघता बघता हे शिकले म्हणायचे. अक्कानं त्यांना काय काय विचारलं ते सगळं आठवत नाही, पण तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिनं विचारलं की झाड लहान असताना ताटलीत लावलं तर लवकर होईल का. चाचांनी शेंगदाण्याची फोलं खिशात टाकली.

“हीच तर गलती करतात सगळे. पैले लाकडाची पेटी. पाच-सहा बरस. फळीला फळी चिकटवायची नै, मधी फट ठेवायची. फटीतनं मूळ बाहेर येतं, उन्हाला जळतं, की आत दहा नवी फुटतात. पेटीत झाडाला वाटतं आपन जमिनीतच हाय. ताटलीत घातलं की मग ते जगतं, पन वाढत नै.”

अव्वा मागे येऊन उभी राहिली होती. तिनं झाडांकडे पाहिलं, अक्काचं मनगट धरलं आणि निघाली. रस्त्यात म्हणाली, “घरात झाड बांधून ठेवू नये. घरची वेल खुंटते.” अक्का म्हणाली, “गच्ची काय घरात हाय का?” अव्वानं तिचं मनगट सोडलं. मला वाटतं त्या दिवशी ती दमली होती.

वळसंगला मामांचं शेत होतं. वेळा अमावास्येला आमचं सगळं घर तिकडे जायचं, एसटीनं, मांडीवर आंबिलीचं मडकं आणि बाजरीच्या उंड्यांचं गाठोडं घेऊन. शेतात कडब्याची खोप उभी करून पूजा व्हायची, मग भज्जी, उंडे, शेंगाचटणी, आंबील, आणि जेवल्यावर जो तो सावली बघून आडवा. त्या वर्षी अक्का आडवी झाली नाही. बांधावरच्या चिंचेखाली एक रोप होतं. शेळ्या दर वर्षी त्याचा शेंडा खायच्या, त्यामुळे उंची टीचभर आणि बुंधा मात्र अंगठ्याएवढा. अक्का खुरपं घेऊन बसली. माती सोडवता सोडवता ऊन कलायला लागलं.

मामा कमरेवर हात ठेवून बघत होते. “गिरिजा, अगं त्याला शेळीनंबी सोडलंय. तू कशाला घ्यायलीस?”

“म्हणूनच की.”

“हुंड्यात देऊ काय गं हे तुला?”

सगळे हसले. अक्काही हसली. येताना आंबिलीचं रिकामं मडकं तिनं माझ्याकडे दिलं आणि ओल्या बारदानात गुंडाळलेलं ते रोप स्वतःच्या मांडीवर घेतलं. घरी आल्यावर साबणाचं खोकं, तळाला खापऱ्या, त्यावर वळसंगची माती, जुनं शेणखत, विटांचा चुरा. चिंच त्या खोक्यात गेली.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं मला एकसारखीच आठवतात. खोकी वाढत गेली. चिंचेखेरीज बारा झाली. उंबर, वड, एक बाभूळ, एक कडुलिंब, पण चिंच सगळ्यांत पुढे. फळ्या दोन वर्षांत कुजायच्या, मग झाडाला धक्का न लावता नवं खोकं. करीमचाचा महिन्यातून एकदा येत, जिन्याखाली चपला काढत आणि अप्पांना “शेठ, मी वर जातो” म्हणत. पंपाच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार ते घेऊन यायचे. फांदीला तार कशी गुंडाळायची, किती दिवसांनी काढायची, हे ती त्यांच्याकडून शिकली. उन्हाळ्यात आमच्याकडे चटके बसायचे. दुपारी गच्चीवर पाय ठेवता येत नसे. तेव्हा ती खोक्यांना ओली बारदानं गुंडाळायची आणि सकाळ-संध्याकाळ एकेक खोकं उचलून पाण्याच्या हौदात बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. मला ते काम कधी आवडलं नाही. खोकी जड असत आणि कपड्यांना चिखल लागे. मी कॉलेजात होतो आणि मला चांगल्या शर्टांची हौस होती.

अक्काचं लग्न अक्कलकोटकडच्या एका घरी ठरलं. मोठं घर, अडत दुकान, जमीन. साखरपुडा झाला आणि त्याच महिन्यात प्रदर्शन आलं. चाचा म्हणाले, चिंच ताटलीत घालून ठेवायची वेळ झाली, प्रदर्शनात ठेवा. चिंच तोवर दोन वीत उंच झाली होती, एका बाजूला झुकलेली, शेतातली मोठी चिंच लांबून दिसते तशी. अव्वा म्हणाली, ठेवायचं तर ठेवा, पण मुलीचं नाव असल्या झाडाखाली नको. तिकडच्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? फॉर्मवर झाडाचं नाव, वय आणि वाढवणाऱ्याचं नाव लिहायचं होतं, आणि तोच कागद कार्ड म्हणून झाडाखाली लागणार होता. अक्कानं तो फॉर्म माझ्यापुढे ठेवला नाही. तिनंच भरला. तिसऱ्या ओळीत तिच्या गोल अक्षरात माझं नाव लिहिलं, विरूपाक्ष, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसली.

“तुला चालंल न्हवं?” मी विचारलं.

“परीक्षक विचारतील. मुळं कधी छाटली ते पाठ कर.” ती म्हणाली.

मी पाठ केलं. परीक्षकांनी विचारलं, मी सांगितलं, एक-दोनदा चुकलो पण त्यांच्या लक्षात आलं नाही. पहिलं बक्षीस मिळालं, पितळेचा कप. गावातल्या पेपरात फोटो आला. फोटोत मी आणि चिंच. चाचांनी कार्ड वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “अक्षर चांगलं हाय.” मला ते कळलं आणि कळूनही मी हसलो. अक्का बायकांच्या घोळक्यात उभी होती. येताना तिनं मला विचारलं की ताटलीला पाणी कुणी घातलं होतं का. कुणीच घातलं नव्हतं.

तो कप अप्पांनी दुकानात गल्ल्यामागच्या कपाटात ठेवला. गिऱ्हाइकं विचारायची. अप्पा सांगायचे. दहा-वीस वेळा ऐकल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं, निदान खोटं वाटेनासं झालं. आज विचार करतो तेव्हा जाणवतं की मी कधी ठरवून खोटं बोललो नाही. फक्त कुणी म्हटलं की “नाही” म्हणालो नाही.

लग्न झालं. जाताना अक्कानं मला दोनशे पानी वही दिली. कोणत्या झाडाला किती पाणी, कोणाचं खोकं कधी बदलायचं, चिंचेच्या खालच्या फांदीची तार श्रावण संपायच्या आत काढायची. मी झाडं सांभाळली, हे खरं आहे. पण तार काढायची विसरलो. आठवलं तेव्हा ती सालीत रुतली होती. कापून काढली तरी फांदीभोवती गोल गोल वळ राहिला. तो अजून आहे. अलीकडे एका परीक्षकांनी त्यावर बोट फिरवून म्हटलं, बघा, झाडानं किती सोसलंय. त्या झाडावर माझं म्हणावं असं तेवढंच आहे.

चार वर्षं अक्काला मूल झालं नाही. देव झाले, डॉक्टर झाले. डॉक्टरांकडे तिलाच नेत, तिच्या नवऱ्याला नाही. पाचव्या वर्षी एका दुपारी तिची सासू, नवरा आणि ती असे तिघं आले. आधी निरोप नव्हता. अव्वानं घाईघाईनं पोहे टाकले. सासूबाई जाड, शांत बाई होत्या, आवाज कधी चढवत नसत. चहा झाला. त्या म्हणाल्या, गच्ची बघायची. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

आम्ही सगळे वर गेलो. बारा खोकी भिंतीकडेला ओळीनं, बारदानात गुंडाळलेली. चिंच ताटलीत, मधोमध चौथऱ्यावर. सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. एका उंबराच्या तारेला बोट लावलं.

“ही बांधली कुणी?”

अव्वा लगेच म्हणाली, “ह्यानं. विरूनं. खाली कप हाय की त्याचा, दावते की.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी “हो” म्हणायचं होतं. एवढंच. चार वर्षं मी तेच म्हणत आलो होतो. सवय होती. पण त्याच आठवड्यात मला एक स्थळ आलं होतं, मुलीच्या वडिलांची सोलापुरात दोन दुकानं होती आणि ते देवभोळे होते. झाडं खुंटवणाऱ्या मुलाला कोण मुलगी देईल, असं माझ्या मनात आलं. आलं म्हणजे एका क्षणात आलं. मी विचार केला असं म्हणता येणार नाही.

“अक्काची हायत,” मी म्हणालो. “मी फक्त पाणी घालतो.”

मागांचा आवाज चालू होता. अक्काच्या हातात भुईमुगाची एक शेंग होती, खालून आणलेली. तिनं ती फोडली, दाणे काढले आणि तळहातावर ठेवले. खाल्ले नाहीत. माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या नवऱ्यानं घड्याळ पाहिलं.

सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, “तुझी हायत तर तूच काढ बाई. आत्ता काढ. आमच्यासमोर.”

अक्का खोक्यापाशी बसली. तिनं आधी तारा काढल्या, एकेक, साल न सोलता. कशासाठी ते मला कळलं नाही. मग दुकानातलं तेच वजन घेऊन फळ्या सोडवल्या. खिळे एका बाजूला ठेवले. मुळं फळ्यांच्या फटींतून बाहेर येऊन जळालेली होती आणि आत दाट पांढरं जाळं. माती खोक्याच्या आकारात उभी राहायची, चौकोनी, आणि मग कोसळायची. पहिलं, दुसरं, तिसरं. अव्वा रडत होती. मी हौदाला टेकून उभा होतो. मला काही वाटत होतं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. पायाला चटके बसत होते, ते आठवतं. बारा खोक्यांना तासाच्या वर लागला.

मग सासूबाईंनी चौथऱ्याकडे हात केला. “ते?”

अक्का उठली. हाताची माती लुगड्याला पुसली. “ते त्याचं हाय,” ती म्हणाली. “कार्डावर त्याचं नाव हाय. त्याला विचारा.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. म्हणजे हो म्हटलं. एकाच दुपारी मी दोन्ही बोललो, आणि दोन्ही वेळा माझ्यावर विश्वास ठेवला गेला.

“साकु,” सासूबाई कानडीत म्हणाल्या. पुरे झालं. त्या खाली उतरल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात लांबवण्यासारखं काही नाही. झाडं उपटूनही काही झालं नाही. दोन वर्षांनी अक्काच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. झाडं बांधणारी बाई, हे कारण त्यांनी चारचौघांत सांगितलं, आणि ते मी पुरवलेलं होतं. अक्का त्याच घरात राहिली. दुसरीला तीन मुलं झाली, ती अक्कानंच वाढवली. ती तिला दोड्डव्वा म्हणायची, मोठी आई. सणाला अक्का सोलापूरला यायची, माझ्या मुलांना गव्हाची हुग्गी करून घालायची, पण गच्चीवर कधी गेली नाही. एकदाही नाही. जिन्यापाशी उभी राहून विचारायची, “पाणी घातलंस?” मी म्हणायचो, घातलं. तीस-पस्तीस वर्षांत आमच्यात त्या दुपारबद्दल दुसरा शब्द झाला नाही. ती गेली तेव्हा मी पोहोचलो, वेळेवर पोहोचलो, आणि तिच्या उशाशी बसून अक्कलकोटची एसटी किती गर्दीची होती ते सांगत राहिलो.

चिंचेमुळे माझं नाव झालं. लोक शिकायला आले, मी वहीतलं शिकवलं. करीमचाचांचं वाक्य, पेटीत झाडाला वाटतं आपण जमिनीतच आहे, मी इतक्यांदा वापरलं की लोक ते माझंच समजतात. देवभोळ्या माणसाची मुलगी मला मिळाली. चाळीस वर्षांचा चांगला संसार झाला. तिलाही मी हे सांगितलं नाही.

यंदा पुन्हा प्रदर्शन भरलं. एसी हॉल, मोबाईलवर फॉर्म. माझा सत्कार ठरला होता. मी दोन दिवस आधी गेलो आणि तिथं काम करणाऱ्या मुलीला म्हणालो, चिंचेखालच्या कार्डावर माझं नाव घालू नका. गिरिजा घाला. माझी बहीण. झाड तिनं वाढवलंय.

ती चांगली मुलगी होती. तिनं लिहून घेतलं. “त्या येणारेत का काका, सत्काराला?”

“नाही. ती नाही आता.”

“सॉरी काका,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे खरंच भरून आले. “मी करते बरोबर. तुम्ही काळजीच करू नका.”

प्रदर्शनाच्या दिवशी मी चिंचेपुढे गेलो. छान जाड कागद होता. वर माझं नाव, ठळक. खाली तिरप्या अक्षरांत, “भगिनी कै. गिरिजा यांच्या स्मरणार्थ.” लोक येऊन माझे हात हातात घेत होते. किती प्रेम आहे हो बहिणीवर, एक बाई म्हणाल्या. व्यासपीठावर मला शाल घातली आणि दोन शब्द बोला म्हणाले. माईक हातात होता. हॉलमध्ये दीडेकशे लोक असतील. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो.

म्हणून हे लिहितो आहे. बोलून मला जमत नाही, हे त्या दुपारपासून ठाऊक आहे.

चिंच आता थकली आहे. पानं बारीक येतात. गेल्या आठवड्यात तिला ताटलीतून काढून परत लाकडी खोक्यात घातली. नाजूक झाडाला हाच उपाय असतो, तो वहीत आहे. साबण आता खोक्यातून येत नाही, सुताराकडून फळ्या आणल्या, मधे फटी ठेवल्या. ती जगली तर माझ्यामागे कुणीतरी पुन्हा प्रदर्शनात ठेवील. तेव्हा कार्ड असं लिहावं. झाड चिंच. वळसंगच्या बांधावरून आणलेलं. वाढवणारी गिरिजा.

मी फक्त पाणी घातलं.